खजुरीचे फुटवे

२ मार्च

पेरलं! होतं नव्हतं तेवढं सगळं बी पेरून टाकलं. मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर आता चमचा ठेवायलाही जागा नाही, जिकडे तिकडे मातीचे डबे. ह्यांनी विचारलं, आज ताटं कुठे मांडायची? म्हटलं, मांडीवर.

लेकीचा फोन आला होता. म्हणाली, आई, थोडं बी मागे ठेवायचं होतंस, काही झालं तर? काय होणार आहे? गेल्या वर्षीच्या सगळ्यात गुणी झाडाचं, त्यातही सगळ्यात देखण्या फळांचं बी आहे ते. डबीत ठेवून काय त्याच्याकडे बघत बसू?

५ मार्च

अजून काही नाही. झाकणं उघडून बघायची नाहीत असं स्वतःला बजावलं आणि लगेच उघडून बघितली.

९ मार्च

आली! वाकलेल्या माना आणि डोक्यावर बियांची टरफलं. कामावर जायला उशीर झाला, मालकीणबाई कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या. पँटच्या खालच्या कडा दुमडून शिवत होते पण लक्ष सगळं खिडकीत. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात दुरुस्तीचं शिवणकाम इतकी वर्षं करते आहे, आज पहिल्यांदा एका साहेबांची पँट गुडघ्याएवढी कापणार होते. वाचले.

१४ मार्च

आज बाग मंडळात अर्ज देऊन आले. मंडळाच्या सभागृहात तो फळा आहे ना, सभासदांनी स्वतः घडवलेल्या वाणांचा, त्याच्याखाली उभी राहिले जरा. सगळ्यात वर मास्तरीणबाईंचं नाव. त्यांचा तो गोल टोमॅटो, लहान मुलाच्या डोक्याएवढा होतो आणि चवीला पाण्याचा घोट. पण नाव आहे! सोनेरी अक्षरात, पेंटरने रंगवलेलं!

मास्तरीणबाई शाळेतून निवृत्त झाल्या पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. त्याच चिटणीस. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "परत? गेल्या वर्षी दोन झाडं गोल फळांची निघाली होती ना तुमची?" निघाली होती. म्हणून तर नापास झाले. नियम असा की सगळी झाडं एकसारखी निघाली पाहिजेत. समिती बागेत येऊन उभी झाडं बघते, मग प्रदर्शनात फळांचं ताट, ते आपल्याच वाफ्यातलं हवं. दोन्ही जमलं की नाव फळ्यावर. आणि अर्ज दोनदाच करता येतो. माझा हा दुसरा. यंदा नाही तर नाही.

माझी खजुरी, हा माझा टोमॅटो, काही कोणी दिलेली नाही मला. मागच्या मोरीच्या पाण्यावर आपोआप उगवलेलं एक रोप. फळ लहान, लांबट, अगदी खजुराएवढं, टोकाला जरासं निमुळतं. खाल्लं आणि वेडीच झाले. बी धरलं तर पुढल्या वर्षी नुसता गोंधळ! एक गोल, एक पिवळं, एक आतून पोकळ. तेव्हापासून दर वर्षी वेडीवाकडी उपटत आले, एकच निवडत आले. उपटताना जीव तुटायचा, पण उपटली. मास्तरीणबाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, हे म्हणजे फळाची गंमत आहे, वाण नव्हे. ती गंमत मी विसरलेली नाही.

नाव काय देणार असं अर्जात विचारलं नव्हतं. ते शेवटी सांगायचं असतं. माझं ठरलंय. माझंच नाव देणार. का नको? त्यांचं नाही का?

२२ मार्च

रोपं मोठ्या डब्यांत हलवली. प्रत्येकाची पानं सारखी, सारखी, सारखी!

ह्यांना हल्ली चहा अर्धाच कप हवा असतो. "अर्धाच ओत गं." मग पुन्हा अर्धा. एकदम भरून घ्या की! दोनदा उठायला लावतात. डबे बघू की ह्यांचा चहा?

१२ एप्रिल

लावली! दोन ओळी. माती आठवडाभर खणून, चाळून ठेवली होती. दुकानातून कापडाच्या काठाच्या पट्ट्या आणल्यात बांधायला, रेशमी आहेत, खोडाला रुतत नाहीत. माझी झाडं म्हणजे साहेबलोकांच्या कोटाच्या अस्तरात गुंडाळलेली. थाट!

ह्यांनी पाणी घालायला मदत केली. दाढी वाढवलीय महिनाभर. स्वतःचं सलून, दिवसभर लोकांच्या दाढ्या करायच्या आणि स्वतःचं तोंड झाडूसारखं. विचारलं तर म्हणाले, फॅशन आहे. ह्या वयात! आणि फॅशन कळते कुणाला, तर ह्यांना.

३० एप्रिल

ह्यांचे तीन शर्ट आले शिवणाच्या टोपलीत. बटणं काढून टिचबटणं लाव म्हणे. का? तर पटकन लागतात. म्हटलं, पळायचंय कुठे? लावून दिली. काजांमागे टिचबटणं लपवून वर बटणं खोटीच शिवली, दिसायला बरी. नीट काम झालं, मीच माझं कौतुक केलं, दुसरं करतं कोण.

१८ मे

झुडपं झालीत नुसती! गुडघ्याच्या वर, डेरेदार, प्रत्येक फांदीला कळ्या. वायरमन मीटर बघायला आला होता, तो बघतच राहिला. हे कापून टाकायला हवं ना, म्हणाला, माझे काका कापतात, बगलेतले फुटवे सगळे खुडून एकच शेंडा ठेवतात. मी त्याला उभं करून शिकवलं. ती उंच जात असते बाबा, दोरीवर चढणारी, तिचे फुटवे खुडतात. ही झुडपी. हिचं हिलाच कळतं कुठे थांबायचं. हिचं फळ फुटव्यावरच येतं, फुटवा खुडला तर फळ गेलं. हे शेजारीच उभे होते. हसत म्हणाले, पाठ झालंय आता आम्हाला, रोजच ऐकतो.

मी नेहमी सांगते. जेवताना, झोपताना, दळण आणताना. घरातल्या भिंतींनाही माहीत आहे.

२५ मे

संपलं.

कामावरून आले तर दोन्ही ओळी भादरलेल्या. सगळे फुटवे गेले. एका झाडाला एक दांडा आणि वर चार पानं. ह्यांनी केलं. सलूनची कात्री घेऊन! गिऱ्हाईक बसल्यासारखी एकेकाची हजामत करत गेले असतील. सगळ्यांना एकच कटिंग!

वाफ्याच्या कडेला मटकन बसले. ह्यांना म्हटलं, का? नुसते उभे, हात पाठीमागे बांधून.

मी खूप बोलले. जे नको ते बोलले. म्हटलं, तुम्हाला बघवत नाही, बायकोचं नाव फळ्यावर लागलेलं.

२६ मे

बोलत नाही. ताट वाढून ठेवते आणि बाहेर जाते.

२७ मे

अजून नाही.

झाडं बघून आले, लक्ष देऊन. रडून झालं होतं म्हणून नीट दिसलं. काय सांगू, पहिल्या ओळीतला एकेक काप असा सुरेख, खोडाला लागून, तिरका, कुठे धस नाही. मी शिवणावाली, मला काप कळतो. असा काप बघितला की दाद द्यावीशी वाटते, तेवढ्यापुरता राग बाजूला ठेवून. पण दुसऱ्या ओळीत हळूहळू बिघडत गेलंय. शेवटच्या झाडांना तर सालं निघालीत, एकाचं खोडच चिरलंय. कंटाळले असणार. रागाने मारलं आणि मारता मारताही कंटाळले!

पण का? माहीत असून का? डोक्यातून जात नाही.

२ जून

ह्यांनी आज एवढंच म्हटलं, "चुकलं माझं." मी पातेलं आपटलं. चिरलेल्या झाडाला अस्तराची पट्टी गुंडाळली होती, ते जगलंय.

एक आहे. खुडलेले फुटवे कुठेच दिसले नाहीत. कचऱ्यातही नाहीत.

१० जून

सापडले!

घराची किल्ली विसरले म्हणून सलूनमध्ये गेले. हे बाकावर बसलेले, खुर्ची रिकामी. आणि आरशासमोरच्या फळीवर, जिथे कंगवे, ब्रश, पावडरीचे डबे असायचे, तिथे ओळीने ग्लास, दाढीचे मग, काचेच्या बाटल्या. प्रत्येकात माझ्या खजुरीचे फुटवे! पाण्यात पांढरी मुळं सुटलेली, दाढीसारखी! आरशामुळे दुप्पट दिसत होते. एक क्षण, खोटं कशाला लिहू, असं छान वाटलं की राग आठवायला वेळ लागला.

मग आठवला. कारण तेवढ्यात वायरमन आला आणि माझ्यासमोर एक बाटली उचलून निघाला. म्हणाला, मामी, माझ्या गॅलरीत एक आधीच लावलंय, फूल धरलंय. आणि कोणाकोणाकडे आहे ते सांगायला लागला. दवाखान्यातली नर्स, बसचा ड्रायव्हर, बेकरीवाला, कोपऱ्यावरचा चांभार. अख्ख्या गावात! मी कोणाला एक बी दिलं नाही आजवर. मास्तरीणबाईंनी दोनदा मागितलं, दोनदा विषय बदलला. आणि हे वाटत सुटलेत, दाढीवर फुटवा मोफत!

ह्यांना म्हटलं, ही माझी जात आहे. म्हणाले, टाकवेना गं. तू एवढी वाढवलीस. आणि मग एक गोष्ट दाखवली. ग्लास ओळीत आहेत ते झाडांच्या ओळीनेच आहेत. पहिल्या झाडाचे फुटवे पहिल्या ग्लासात, दुसऱ्याचे दुसऱ्यात. कोणत्या झाडाचा कोणाकडे गेला ते सगळं ह्यांच्या डोक्यात. गिऱ्हाइकाचा भांग विसरत नाहीत तसंच.

घरी येताना दोघं बरोबर चालत आलो. बोलले नाही, पण बरोबर आले.

११ जून

सगळ्यात वाईट हे. लोक तिला म्हणतात "सलूनची खजुरी." नर्स भेटली, तिनेच सांगितलं, सलूनची खजुरी मस्त वाढलीय हो. म्हटलं, सलूनची नाही, माझी. ती म्हणाली, तेच ते. तेच ते कसं!

२४ जून

माझ्या भादरलेल्या झाडांना फळ धरलंय. थोडंच आहे, पण काय भरतंय! सगळा जोर तेवढ्यातच. एका घोसातली फळं ओळीने टांगलेली, शर्टाच्या बटणांसारखी.

८ जुलै

पहिलं पिकलं. गावात सगळ्यांच्या आधी, माझ्याकडे.

देठाची हिरवी टोपी हलली नाही, हलकेच वळवलं आणि हातात आलं. उन्हाने कोमट होतं. उभं चिरलं. आत गर भरलेला, बी अगदी थोडं, पाणी नाही. ह्यांना अर्धं दिलं, मी अर्धं घेतलं. पातळ साल, आधी गोड, मग गिळताना जिभेच्या कडेला आंबट. गेल्या वर्षीचंच! सगळ्यात वेगळं, आणि तरी गेल्या वर्षीचंच!

ह्यांनी डोळे मिटून खाल्लं. मग म्हणाले, "जमलं गं तुला." बस. लग्नाला इतकी वर्षं झाली, इतकं मोठं कौतुक पहिल्यांदाच केलं असेल. मी काय करावं? आत गेले आणि धुतलेली भांडी परत धुतली.

बोलायला लागले आहे ह्यांच्याशी. किती दिवस धरणार?

२८ जुलै

समिती येऊन गेली. आजचं सगळं लिहायचं, काही सोडायचं नाही.

मास्तरीणबाई आणि आणखी दोघे. वाफ्यापाशी उभ्या राहिल्या, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, फळ सुंदर आहे, पण झाडं मुंडलेली आहेत. झुडूप कसं वाढतं तेच दिसत नाही, तर एकसारखं वाढतं हे मी कशावरून म्हणू? हे मागे दारात उभे. खाली मान. मला वाटलं आता ते काही बोलतील, तेवढ्यात माझ्याच तोंडून निघून गेलं: "बाई, चला माझ्याबरोबर. चप्पल घाला."

आणि गावभर फिरवलं त्यांना, हेही मागोमाग! वायरमनची गॅलरी, नर्सच्या जिन्याखालचा कोपरा, बेकरीची गच्ची, ड्रायव्हरचं मागचं अंगण. मोडक्या बादलीत, तेलाच्या डब्यात, जुन्या टबात. आणि सगळीकडे तीच! तोच डेरा, तीच उंची, तेच घोस, तीच निमुळती फळं. बेकरीवाला तर हात पुसत वर आला आणि मीच केलंय असं दाखवत होता. बघताना माझा ऊर असा भरून आला की चांभाराच्या दारात त्याच्या आधी मीच फळं मोजायला लागले.

मास्तरीणबाई सोडतायत होय! म्हणाल्या, फांदीपासून केलेलं झाड म्हणजे त्याच झाडाची नक्कल, ती सारखीच असणार, त्यात काय सिद्ध झालं? बरोबर होतं त्यांचं. पण मी गप्प बसणार होते का? म्हटलं, एकाच झाडाच्या फांद्या असत्या तर तुमचं खरं. ह्या दोन्ही ओळींतल्या प्रत्येक झाडाच्या आहेत. विचारा ह्यांना. आणि ह्यांनी एकेक सांगितलं. ड्रायव्हरकडची पहिल्या ओळीतल्या पहिल्या झाडाची, नर्सची तिसऱ्याची, चांभाराकडची शेवटच्या ओळीच्या टोकाची. म्हणजे प्रत्येक बीचं झाड ह्यात आहे, आणि प्रत्येक सारखं आहे. वेगळं एकसुद्धा नाही!

बाईंनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "ही गंमत नाही. वाण आहे."

चालत घरी आले पण पाय जमिनीला लागत नव्हते. आणि विचार असा आला की ह्यांनी भादरलं नसतं, तर एवढी झाडं गावभर दिसलीच नसती. राग कुठे ठेवू आता?

६ ऑगस्ट

एका फळाच्या बुडाशी काळा डाग. पाणी कमीजास्त झालं की लांबट टोमॅटोला हे होतं. आता सकाळी मोजून पाणी. ह्यांना हात लावू देत नाही.

१५ ऑगस्ट

डाग पुढे गेला नाही.

हे दाढीची गिऱ्हाइकं समोरच्या नव्या पोराच्या दुकानात पाठवतात म्हणे. नर्सने सांगितलं. विचारलं तर म्हणाले, मान दुखते, वाकवत नाही. तेल लावून देते म्हटलं तर नको म्हणाले. प्रदर्शन झालं की बघते ह्यांच्या मानेकडे.

२२ ऑगस्ट

उद्या प्रदर्शन. फळं काढली. टोपी शाबूत, एकाच मापाची, एकाच रंगाची, पुसायची नाहीत, अंगावरची साय, ती नाजूक झाक, जाते. ताटात पांढऱ्या अस्तराच्या कापडावर मांडली. लेक फोनवर हसली, आई, माझ्या लग्नात माझ्याकडे एवढं लक्ष नव्हतं दिलंस. तू कुठे एकसारखी होतीस, म्हटलं.

नाव परवा सांगायचं, पेंटर परवा येतो. फळ्यावर माझं नाव कसं दिसेल ते ताटाशेजारी पिठात बोटाने लिहून बघितलं. छान दिसतं.

२३ ऑगस्ट

पहिलं ताट! मास्तरीणबाईंनी स्वतः येऊन पहिल्या नंबराची निळी फीत लावली. फळ्यावर जाणार! सभागृहात सगळे आलेले, सलूनची सगळी गिऱ्हाइकं, बेकरीवाला दुकान बंद करून. ज्याच्या त्याच्या तोंडी सलूनची खजुरी, सलूनची खजुरी. आज रागही आला नाही.

मग लोक विचारायला लागले, फुटवा कसा काढायचा, पाण्यात कसा ठेवायचा. मास्तरीणबाईंनी एक कुंडी आणवली, कात्री आणवली, म्हणाल्या, दाखवतं कोण? मी छाती फुगवून म्हटलं, आमचे हे दाखवतील, त्यांच्यासारखा काप गावात कोणाचा नाही. हे नको नको म्हणत होते. मी ऐकते होय! दंडाला धरून पुढे केलं. सगळ्यांसमोर मिरवायचं होतं मला, नवऱ्याला.

ह्यांनी कात्री घेतली आणि हात थरथरायला लागला. थोडा नाही. पात्यांचा आवाज येत होता, टिक टिक टिक. सभागृहात एवढी माणसं आणि मला तेवढाच आवाज येत होता. दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तरी थांबेना. कापायला गेले तो शेंडाच तुटून पडला.

कोणीतरी हसलं. त्याला वाटलं, लोकांसमोर घाबरले. मी कात्री घेतली, म्हटलं, माझ्याच्याने राहवत नाही, मीच दाखवते. दाखवलं. काय दाखवलं ते आठवत नाही.

घरी येताना विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. गेल्या थंडीपासून आहे. डॉक्टरकडे एकटे जाऊन आले. औषध आहे, पण वाढतच जाईल म्हणाले. वस्तरा कधीच सोडला, आता कात्रीही. सलूनची पाटी उतरवायची म्हणतात, पुढच्या आठवड्यात.

म्हटलं, आणि ती झाडं?

चालता चालता थांबले. म्हणाले, "हात किती वेळ धरतो ते बघायचं होतं गं. माणसाच्या गालावर कसं बघणार? एक झाड नीट झालं, वाटलं, बरा आहे मी. म्हणून दुसरं केलं. दुसरं झालं म्हणून तिसरं."

शेवटच्या ओळीत कळलं त्यांना.

मी ती ओळ बघितली होती. काप बघितला होता. शिवणावाली ना मी! आणि लिहून ठेवलं, कंटाळले असणार. अर्धा कप चहा, टिचबटणं, दाढी, सगळं माझ्या डोळ्यांसमोर. मला फक्त खजुरी दिसत होती.

२४ ऑगस्ट

सकाळी सलून मीच उघडलं. ह्यांना खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, आणि वाढलेली दाढी काढली. ते आरशात बघून सांगत होते, वस्तरा असा धर, कातडी अशी ताण. माझा हात नाही हलला. कुठे ओरखडा नाही!

मग मंडळात गेले. पेंटर शिडीवर चढून तयारच होता. नाव सांगितलं: सलूनची खजुरी. मास्तरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, तुमचं नाव घालणार होतात ना? म्हटलं, माझं कुठे पळून जातंय.

ह्यांच्या डाव्या कानाखाली दाढी जरा राहून गेलीय. उद्या काढते.